गळ्यातली गाठ: एक राजा, एक लस आणि मातीतले जंतू

आजच्या भागाची सुरुवात चंद्रपूरच्या एका दंतकथेपासून. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगभर गाठी होत्या म्हणे. झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाचं पाणी तोंडाला लावलं आणि गाठी गेल्या. तिथेच अचलेश्वराचं देऊळ आणि पुढे शहर उभं राहिलं. गंमत बघा, त्याच काळात इंग्लंडचा राजा लोकांच्या मानेवरच्या गाठींना हात लावून त्या ‘बऱ्या’ करत होता. आपल्याकडे गाठी थेट राजालाच!

बल्लाळशाहाला नेमकं काय झालं होतं, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण मानेतल्या गाठींना आपल्याकडे जुनं नाव आहे: गंडमाळ. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, आणि मग गंडमाळ म्हणजे टीबीच, हे समीकरण पक्कं झालं.

त्याला तडा गेला १९५६ मध्ये. कॅनडात प्रिसिक आणि मॅसन या डॉक्टरांनी दाखवलं की लहान मुलांच्या मानेतल्या काही गाठींमधून निघणारा जंतू टीबीचा नसतोच. तो त्याचा चुलतभाऊ. असे चुलतभाऊ पाण्यात आणि मातीत राहतात, आणि सहसा माणसाकडून माणसाला लागत नाहीत. यात सापडतात ती मुख्यतः एक ते पाच वर्षांची मुलं. एका बाजूला जबड्याखाली गाठ, दुखणं फारसं नाही, लेकरू एरवी खेळतंय.

मग ओळखायला इतकं अवघड का? कारण शरीराचं उत्तर दोघांनाही जवळपास सारखंच. भक्षक पेशी जंतू गिळतात, पण त्यांना तो मारता येत नाही. मग टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून त्यांना जोर देतात आणि सगळे मिळून जंतूभोवती तटबंदी उभारतात. म्हणजे गाठ ही बऱ्याच अंशी आपल्याच फौजेची गर्दी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तटबंद्या सारख्या दिसू शकतात. मांटू चाचणीही फसते, कारण तिच्यातली प्रथिनं या सगळ्या भावकीत सामाईक आहेत. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, सर्च फारच सैल लावलाय.

हीच सरमिसळ लशीच्या इतिहासातही दिसते. स्वीडनने १९७५ मध्ये सरसकट सगळ्या बाळांना बीसीजी देणं थांबवलं. पुढच्या वर्षांत लस न घेतलेल्या मुलांमध्ये या चुलतभावांच्या गाठी वाढल्या. म्हणजे टीबीसाठीची लस इथेही राखण करत होती. उलट तमिळनाडूच्या चेंगलपट्टूत १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीत बीसीजीने मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून संरक्षण दिलंच नाही. त्याचं एक मोठं स्पष्टीकरण असं की तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती माती-पाण्यातल्या जंतूंनी आधीच शिकवून ठेवली होती, लशीला नवं शिकवायला फार उरलं नव्हतं. तरी बाळांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून आपल्याकडे ती जन्मतःच देतात.

आता गडचिरोलीकडे या. भामरागडच्या एखाद्या पोराच्या मानेत गाठ आली, तर आधी टीबीचाच विचार करायला हवा. आपल्या देशात टीबी भरपूर आहे, आणि तो निसटला तर जिवावर बेतू शकतं. पण गाठ चुलतभावाची असेल, तर टीबीची नेहमीची औषधं महिनोन्महिने खाऊनही ती हटेलच असं नाही. तिथे बहुतेकदा गाठ शस्त्रक्रियेने काढणं हा चांगला उपाय असतो.

फरक कळतो तो सुईने काढलेल्या नमुन्यातून. त्यात टीबीची जनुकं शोधता येतात, जंतू वाढवून बघता येतो. पण त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. कॅनडात १९५६ साली कळलेली गोष्ट त्या पोराच्या कामी येणार की नाही, हे अशा वेळी त्या पुलावर ठरतं. म्हणून गाठ दिसली की वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि ‘नमुना तपासायला पाठवणार का?’ एवढं नक्की विचारा.

भेटूया पुढच्या भागात.