पाहुण्यांच्या नोंदी आणि यजमानांचा इतिहास : कचारगड (जि. गोंदिया) संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या वनात, धनेगावजवळ कचारगडची नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आदी राज्यांतून गोंड समाजबांधव येथे मोठ्या संख्येने येतात. 'जय सेवा' हे अभिवादन, सप्तरंगी ध्वज आणि गोंडी गीते यांनी तो परिसर भरून जातो. गोंडी धर्मपरंपरेचे, म्हणजेच कोया पुनेमचे, हे आद्यस्थान होय, अशी त्यांची श्रद्धा आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने कचारगड हे शैक्षणिक सहलीचे सोयीचे ठिकाण आहे. परंतु वनात राहणाऱ्या समाजाला भेट देऊन पाहुणा जे लिहून ठेवतो, ते इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावे, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न कचारगडच्या निमित्ताने तपासला आहे.

भेटीच्या नोंदींची मर्यादा : सारावाकचे उदाहरण

हा प्रश्न केवळ गोंडवनापुरता मर्यादित नाही. बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये राहणाऱ्या इबान जमातीची लांबघरे जगप्रसिद्ध आहेत. नदीकाठी खांबांवर उभारलेले एकच लांब घर, त्यात ओळीने कुटुंबांच्या खोल्या आणि त्यांच्यासमोर सर्वांसाठी खुली पडवी, अशी त्याची रचना असते. कुटुंबाच्या खोलीला 'बिलेक' व पडवीला 'रुआई' म्हणतात. पाहुण्यांचे स्वागत रुआईतच होते. त्यामुळे एक-दोन दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला हा समाज सर्व काही सामायिक ठेवून जगतो, असे वाटणे स्वाभाविक होते.

मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी १९४९ ते १९५१ या काळात इबानांमध्ये राहून अभ्यास केला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. प्रत्येक बिलेक-कुटुंब शेती, मालमत्ता आणि अन्नधान्य यांबाबत स्वतंत्र होते. एका लांबघरातून दुसऱ्या लांबघरात जाण्याची मोकळीकही त्याला होती. म्हणजेच छप्पर एक असले, तरी संसार वेगवेगळे होते. पाहुण्याला पडवी दिसली, परंतु खोलीचे व्यवहार दिसले नाहीत. वनवासी समाजाविषयीच्या पुष्कळ लिखाणाला हे निरीक्षण लागू पडते.

हिस्लॉप यांची नोंद :

गोंड समाजाविषयीच्या आरंभीच्या महत्त्वाच्या नोंदींपैकी एक नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची आहे. त्यांनी एका परधानाकडून लिंगोची दीर्घ कथा गोंडी भाषेत उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व वंशपरंपरेचे स्मरण ठेवणारे. १८६३ मध्ये हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला. मध्य प्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत रोमन लिपीतील गोंडी मजकूर व त्याचे इंग्रजी भाषांतर आहे.

या कथेत महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुहेत कोंडतो. चौघे निसटून 'काचीकोपा लोहागड' येथे पोहोचतात. पुढे लिंगो त्यांना भेटतो, शेती शिकवतो आणि अखेरीस कोंडलेल्यांची सुटका करून समाजाची विभागणी करतो. या मजकुरावर पौराणिक कल्पनांचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. तो परधानांच्या परंपरेत आधीच मिसळला होता, की लेखनाच्या प्रक्रियेत दृढ झाला, हे एका पाठावरून ठरविता येत नाही. पुढे कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात या कथेला इंग्रजी पद्यरूप दिले. एका परधानाचे कथन अशा रीतीने इंग्रजी वाचकाच्या अभिरुचीचा विषय बनले. ज्याने ते सांगितले, त्या परधानाची ओळख मात्र मागे पडली.

असे असले तरी हिस्लॉप यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. त्यांनी मूळ भाषेतील शब्द जपले. स्वतःचा अभिप्राय तेवढा लिहून ते थांबले असते, तर पुढील पिढ्यांना पुन्हा वाचण्यासारखे काहीच उरले नसते.

गोटुल : निवडक नजरेचे परिणाम

वेरिअर एल्विन यांचा बस्तरमधील मुरिया व त्यांच्या गोटुलांवरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. गोटुल म्हणजे गावातील अविवाहित तरुण-तरुणींची संस्था. गीत, नृत्य, श्रमविभागणी, शिस्त, सणांची तयारी असे तिचे अनेक पैलू या ग्रंथात नोंदविलेले आहेत. तथापि बाहेरच्या वाचकांचे लक्ष प्रामुख्याने लैंगिक संबंधांच्या वर्णनाकडे गेले आणि गोटुल हा शब्द कुतूहलाचा विषय बनला. मुरियांविषयीचे वर्णन सरसकट सर्व गोंडांना लावण्याची चूकही त्यातून घडली.

याच संस्थेचे दुसरे रूप शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात दिसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने १९८० च्या दशकात सागवानी लाकूड वापरून गोटुल उभारले. वनविभागाने ते पाडून लाकूड जप्त केले. त्यानंतर परिसरातील गावांनी एकजुटीने आपापली गोटुले उभारली. पुढे वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये २००९ मध्ये मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. ज्या वास्तूकडे पाहुण्यांनी कुतूहलाने पाहिले, तीच वास्तू गावासाठी सामूहिक निर्णयाची व जंगलावरील अधिकाराची खूण ठरली.

कचारगड : यजमानांचे वाचन

कचारगडची आजची यात्रा १९८० च्या दशकापासून संघटित स्वरूपात वाढत गेली. या कार्यात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) आणि 'गोंडवाना दर्शन' या नियतकालिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम यांचा वाटा मोठा आहे. कंगाली हे रामटेक तालुक्यातील. नागपूर येथे रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत असताना त्यांनी गोंडी भाषा, लिपी व धर्मपरंपरा यांवर विपुल लेखन केले.

यात्रेत सांगितली जाणारी कथा हिस्लॉप यांच्या पाठाहून भिन्न आहे. काली कंकाली मातेची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली. पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि संगीतज्ञ हिरासुका पाटालीर यांनी त्यांना मुक्त केले. दाराची शिळा सरकविताना हिरासुकाला प्राण गमवावे लागले. पुढे लिंगोने या शिष्यांच्या द्वारे समाजाला सगा-गोत्रांची व्यवस्था दिली. येथे गुहा हिमालयात नसून सालेकसा तालुक्यात आहे, आणि काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड असे मानले जाते.

इतिहासाच्या अध्यापकापुढे येथे खरी कसोटी उभी राहते. १८६६ चा पाठ छापील व जुना म्हणून प्रमाण, आणि यात्रेतील कथा अलीकडची म्हणून रचलेली, असा निवाडा करणे सोपे आहे. परंतु तो सदोष ठरेल. छापील पाठ हाही एका गायकाचे एका प्रसंगी केलेले कथन आहे. उलटपक्षी, यात्रेतील कथेला पुरातत्त्वीय पुराव्याचा दर्जा देणेही योग्य नाही. लिंगोचा काळ वर्षांत सांगण्याचा किंवा गुहा आशियात सर्वांत मोठी असल्याचा दावा मोजमाप व पुराव्याशिवाय विद्यार्थ्यांच्या अहवालात येऊ नये. लिंगो केव्हा झाला, याचे उत्तर कचारगड देत नाही. एका समाजाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपला भूतकाळ स्वतःच्या शब्दांत मांडण्यास सुरुवात कशी केली, याचे मात्र ते अस्सल साधन आहे.

या मांडणीला भाषेचाही आधार आहे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली; २०१७ मध्ये तिचा युनिकोडमध्ये समावेश झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे. तरीही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. उच्च शिक्षणातही तिला अत्यल्प स्थान आहे. परिणामी गोंड समाजातील विद्यार्थ्याला आपल्याच आजोबांची कथा इंग्रजी अथवा मराठी पुस्तकातून शिकावी लागते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, भेटीची नोंद हे इतिहासाचे साधन असले, तरी पाहुणा किती काळ राहिला, कोणत्या भाषेत बोलला व कोणाकडून माहिती घेतली, हे तपासल्याविना ते ग्राह्य धरू नये. दुसरा, ज्या नोंदीत यजमानांचे मूळ शब्द जतन झाले, ती नोंद लेखकाच्या पूर्वग्रहांसह टिकून राहते, कारण तिचे पुन्हा वाचन होऊ शकते. तिसरा, मौखिक परंपरेतील पाठभेद हा दोष नसून प्रत्येक पाठाच्या काळाचा पुरावा आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना या दिशेने बरेच करता येण्यासारखे आहे. कचारगडला नेलेल्या विद्यार्थ्यांनी छायाचित्रांचा अहवाल सादर करण्याऐवजी कथन करणाऱ्याच्या संमतीने, त्याच्या नावानिशी, गोंडी शब्दांसह नोंद घ्यावी. तिची एक प्रत गावाकडे परत जावी. वर्गात बसलेल्या गोंड विद्यार्थ्यांकडे माहिती देणारे म्हणून न पाहता अभ्यासक म्हणून पाहावे. हिस्लॉप यांना कथा सांगणाऱ्या परधानाची ओळख इतिहासात मागे पडली. आज जिल्ह्यातील गावागावांत जे वृद्ध गायक हयात आहेत, त्यांच्या बाबतीत तरी तसे घडू नये, ही जबाबदारी स्थानिक अध्यापकांची आहे.