औषधदान आणि विवेक

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशा चतुर्विध दानाचा गौरव केला आहे. यांपैकी औषधदान व अभयदान यांचा जेथे संगम झाला, ते स्थान म्हणजे पांजरपोळ.

भारतातील पशुचिकित्सेची परंपरा प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात मनुष्यांप्रमाणेच पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. अर्वाचीन काळात मुंबईने या परंपरेला संस्थारूप दिले. १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व जैन श्रेष्ठी यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ उभा राहिला. १८८३ साली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय स्थापन झाले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दिल्लीच्या लाल मंदिरातील धर्मार्थ पक्षी रुग्णालयाचे कार्य १९२९ पासून चालू आहे.

या उज्ज्वल इतिहासात एक वेदनादायी प्रकरणही आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक जनावरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या गायीला त्यामुळे आराम पडे. देणाऱ्यांच्या मनात केवळ करुणाच होती. मात्र त्याच काळात आकाशातून गिधाडे नाहीशी होऊ लागली. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यातील ही घट डॉ. विभू प्रकाश यांनी १९९९ साली प्रकाशित केली. १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली.

कारण २००४ साली उघड झाले. पाकिस्तानात संशोधन करणाऱ्या डॉ. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मृत्यूपूर्वी हे औषध दिलेल्या जनावराचे शव खाल्ल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते आणि ती दगावतात. वृद्ध व रुग्ण पशूंना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या संस्थांसाठी हा बोध विशेष गंभीर होता. ज्या पारशी बांधवांनी पांजरपोळाच्या उभारणीत हात दिला, त्यांच्या मलबार हिलवरील दखमाही गिधाडांविना ओस पडला.

शासनाने २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आणली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ साली या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशूंवरील वापरावरही बंदी आली.

जैन आचार्यांनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद म्हणजे असावधानता असल्याचे सांगितले आहे. औषधाच्या बाबतीत हा विचार अक्षरशः खरा ठरतो. पशूचे वजन न पाहता अंदाजाने दिलेली मात्रा, मुदत संपलेली बाटली, माणसांचे औषध परस्पर जनावराला टोचणे, शीतपेटीत २ ते ८ अंश तापमानात ठेवायची लस उन्हात राहणे, हे सारे प्रमादच होत. एका जातीला मानवणारे औषध दुसरीला विष ठरू शकते. माणसांचे साधे पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेते.

म्हणूनच कुलूपबंद व लेबल लावलेले औषधाचे कपाट, मोजमापाची खुणांकित सिरिंज, पशुवैद्याची लेखी सूचना आणि प्रत्येक पशूला काय, किती व केव्हा दिले याची नोंदवही, ही औषधदानाची अविभाज्य अंगे मानली पाहिजेत. दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वर्ज्य करावे आणि मृत पशूचे शव उघड्यावर टाकावे की पुरावे, याचा निर्णयही या नोंदीवरच अवलंबून असतो.

ज्या पूर्वजांनी मुक्या जीवांसाठी दारे उघडली, त्यांनी दयेचा वारसा दिला. त्या दयेला सम्यक् ज्ञानाची जोड देणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य आहे. एका जीवाची वेदना शमविताना दुसऱ्या जीवाचा घात होऊ नये, यातच औषधदानाची खरी सार्थकता आहे.