सहा कायद्यांचं एक राज्य

1 डिसेंबर 1918 रोजी बेलग्रेडमध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं संयुक्त राज्य जाहीर झालं. तेच पुढे युगोस्लाव्हिया. राजा एक, सैन्य एक. कायदे मात्र सहा घरचे. स्लोव्हेनिया आणि डाल्मेशियात ऑस्ट्रियाची 1811ची दिवाणी संहिता ताज्या दुरुस्त्यांसह चालायची, क्रोएशियात तीच दुरुस्त्यांविना. व्होयव्होदिनात हंगेरीचा कायदा, बोस्नियात तुर्की, शरियती आणि ऑस्ट्रियन कायद्यांची सरमिसळ, सर्बियाची 1844ची स्वतंत्र संहिता. माँटेनेग्रोची 1888ची संहिता वाल्ताझार बोगिशिच या पंडिताने लोकांच्या चालीरीती गोळा करून साध्या बोलीत लिहिली होती. वाचावी अशी तेवढी एकच!

हे फरक थेट घरात शिरत. बेलग्रेड आणि झेमुन यांच्यामध्ये फक्त सावा नदी. बेलग्रेडमध्ये बाप वारला आणि मागे मुलगे असले, तर मुलीला वारसाहक्क नाही. झेमुन पूर्वी क्रोएशिया-स्लाव्होनियात मोडे, त्यामुळे तिथे तिला भावाइतकाच वाटा. शिवाय सर्बियन संहिता विवाहित स्त्रीला व्यवहाराच्या बाबतीत अज्ञान मुलांच्या रांगेत बसवत असे.

लग्नाचा घोळ आणखी मोठा. व्होयव्होदिनात सरकारी अधिकाऱ्यासमोर झालेलं लग्नच ग्राह्य, सर्बियात ते चर्चमध्येच व्हायला हवं. मुसलमानांचे कौटुंबिक वाद शरियतीनुसार काझीकडे. 1921च्या राज्यघटनेनेच तशी हमी दिलेली.

कायदे एकसारखे करण्यासाठी वेगळं मंत्रालयही काढलं गेलं, पण संसदेत भांडणंच जास्त.

6 जानेवारी 1929 रोजी राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त केली आणि 27 जानेवारीला देशभरासाठी एकच फौजदारी संहिता जारी झाली. यात हुकूमशाहीची हुशारी शोधू नये. मसुद्याचं काम आधीच झालेलं होतं, अडवणारं कोणी उरलं नव्हतं इतकंच. दिवाणी कायद्यापुढे मात्र हुकूमशाहीचंही चाललं नाही. 1934 मध्ये त्याचा मसुदा छापून झाला, पण मुख्यतः सव्वाशे वर्षं जुन्या ऑस्ट्रियन साच्यावर बेतलेला. त्यावर टीका झाली, चर्चा झाली, मंजुरी कधीच मिळाली नाही. 6 एप्रिल 1941 रोजी जर्मनीने हल्ला केला आणि विषयच संपला.

युद्धानंतर सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट सरकारने 1946 मध्ये युद्धापूर्वीचे सगळे कायदे एका फटक्यात रद्द ठरवले, शरियती न्यायालयंही बंद केली. एक पळवाट मात्र ठेवली: जिथे नवा नियम नाही आणि जुना घटनेच्या आड येत नाही, तिथे तो वापरायला हरकत नव्हती. मग न्यायाधीश ऑस्ट्रियन आणि सर्बियन संहितांची पानं चाळतच राहिले. वारसाहक्काचा देशभरासाठी एकच कायदा 1955 मध्ये आला. करारमदारांच्या कायद्याला 1978 उजाडलं.