रेघ आणि रेघांमधलं नातं

घराचा आराखडा काढताना भिंतीसाठी आपण दोन समांतर रेघा मारतो. त्या समांतरच राहायला हव्यात हे कागदाला ठाऊक नसतं, आपल्याला असतं. संगणकाला हे सांगता येईल?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने 1963 साली पीएच.डी.च्या कामात ते करून दाखवलं. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव 'स्केचपॅड'. प्रकाश-लेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेघा ओढायच्या, मग बटणं दाबून सांगायचं : या दोन समांतर, या दोन काटकोनात. संगणक आकृती तशी जुळवून घ्यायचा. (आपल्या भूमितीतला 'पक्ष'च म्हणा ना!) शिवाय मूळ आकृती बदलली, की तिच्या सगळ्या नकलाही बदलत.

पण हा टीएक्स-2 संगणक खोली व्यापणारा, फार थोड्यांच्या वाट्याला येणारा. 1982 साली आलेलं ऑटोकॅड मात्र टेबलावरच्या संगणकावर चालायचं. नकलांची सोय त्यात 'ब्लॉक' या नावाने आली; भिंत मात्र पुन्हा नुसत्या दोन रेघा. एक सरकवली तर दुसरी जागच्या जागी! रेघांना अशा अटी घालण्याची सोय ऑटोकॅडमध्ये आली ती थेट 2010 च्या आवृत्तीत. यंत्रांचे सुटे भाग आरेखणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्ये ती तोवर चांगलीच रुळली होती.