लॉयल्टीचा फोटो

सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वराचं तळं आहे, कंबर तलाव आहे, आणि फारच हौस आली तर उजनीच्या पाण्यापर्यंत जाता येतं. तरीही दर वर्षी ५ एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनाला, आमच्या गावाची मान जरा ताठ होते. कारण वालचंद हिराचंद. २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात जन्मलेला माणूस, बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात करून शेवटी जहाजाच्या धंद्यात उतरला. ५ एप्रिल १९१९ ला त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. तोच हा दिवस. १९६४ पासून साजरा होतो.

तर झालं असं, की काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या बाईंनी ५ एप्रिलच्या भित्तिपत्रकासाठी माझ्याकडे लॉयल्टीचा फोटो मागितला. मी ऐटीत इंटरनेटवरून एक शोधून दिला. पांढरंशुभ्र जहाज, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या. पत्रक झळकलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी माझे आभार मानले. दोन-तीन महिन्यांनी तोच फोटो मोठा करून बघताना माझं लक्ष जहाजाच्या नाळेकडे गेलं. तिथे खाली कोरलेला चक्क ड्रॅगन होता. वालचंदांच्या जहाजावर चिनी ड्रॅगन कुठून आला?

इथून माझा शोध सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर इथूनच मजाही सुरू झाली.

लॉयल्टी हे त्या जहाजाचं जन्मनाव नव्हे. मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने इंग्लंडमधल्या बॅरो इथे तीन सख्ख्या बहिणी बांधून घेतल्या: इंडिया, जपान आणि चायना. तिघींचा आराखडा एकच. हाँगकाँग-व्हँकुव्हर मार्गावर टपाल आणि उतारू न्यायचे, हे त्यांचं काम. एम्प्रेस ऑफ इंडिया ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात उतरली. टनभार ५,९०५, वेग साधारण १६ नॉट. म्हणजे जहाज वालचंदांपेक्षा आठ वर्षांनी लहान. आणि तो ड्रॅगन? तो एम्प्रेस ऑफ जपानचा! तिला १९२६ मध्ये मोडीत काढलं, पण नाळेवरचा ड्रॅगन व्हँकुव्हरकरांनी वाचवला. आज तो तिथल्या सागरी संग्रहालयात आहे आणि त्याची प्रतिकृती स्टॅनले पार्कात. मी सोलापूरच्या मुलांना धाकट्या बहिणीचा फोटो थोरलीचा म्हणून दिला होता.

आता या जहाजाच्या रूपाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मी ज्या चुका केल्या त्यांचं मूळ तिथेच आहे. 'पहिली भारतीय आगबोट' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काळीकुट्ट, धूर ओकणारी, मालगाडीसारखी बोट यायची. प्रत्यक्षात या तिघी एखाद्या राजाच्या यॉटसारख्या दिसत. नाळ सरळ खाली न उतरता शिडाच्या क्लिपर जहाजासारखी पुढे झेपावलेली, तिच्यापुढे आडवा निघालेला लांब दांडा, मागे किंचित कललेली धुराडी आणि डोलकाठ्या. हा शिडाच्या जमान्याचा वारसा. एकच पंखा असलेल्या आगबोटींना शिडं लागत, कारण पंख्याचा दांडा मोडला तर समुद्रात वाऱ्याशिवाय वाली नाही. या तिघींना मात्र दोन पंखे होते. एक मोडला तर दुसरा आहेच. म्हणजे तीन-तीन डोलकाठ्यांची गरज संपत आली होती, पण रूप मात्र शिल्लक राहिलं होतं. मला तर वाटतं, शिडाच्या जहाजाने निरोप घेताना मागे वळून बघावं तशी ही बोट आहे.

जुन्या यॉटींचे शौकीन लोक शोध कसा घेतात ते मी वाचलं. त्यांच्याकडे १८७८ ते १९८० या काळात छापलं गेलेलं लॉइड्सचं यॉटींचं रजिस्टर असतं आणि पहिला प्रश्न एकच: 'आधीचं नाव काय?' मालक बदलला की नाव बदलतं, आणि फोटो मात्र जुन्या नावाच्या पेटीत झोपलेला असतो. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांना एक सरकारी क्रमांक असे, तो नाव बदललं तरी बदलत नसे. आपल्या गाडीच्या चासी नंबरसारखा. सगळा शोध त्या नंबराला धरून करायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. मी आपला नावाच्या मागे धावत होतो.

आणि नावाने किती फसवावं! 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची एक ब्रिटिश युद्धनौकाही होती, १८९१ मध्ये पाण्यात उतरलेली. १९१३ मध्ये तोफांच्या सरावासाठी निशाण म्हणून तिला बुडवण्यात आलं. तिची दोन धुराडी एकामागे एक नसून शेजारी-शेजारी होती. हे लक्षात ठेवलं की ती लगेच बाजूला काढता येते. शिवाय १९२१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने एक जुनी जर्मन बोट घेतली आणि वर्षभर तिलाही हेच नाव दिलं. ती जवळजवळ तिप्पट मोठी. असे तीन वेगवेगळ्या बोटींचे फोटो एकाच नावाखाली समोर येतात आणि माणूस गोंधळतो.

पुढचा टप्पा युद्धाचा. डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या पुढाकाराने ही बोट विकत घेतली गेली. हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय जहाज म्हणून तिचं नाव ठेवलं 'लॉयल्टी'. म्हणजे राजनिष्ठा. पुढे स्वदेशी जहाजधंद्याचं प्रतीक झालेल्या बोटीचं नाव इंग्रजी राजाशी निष्ठा सांगणारं, आणि कंपनीला नाव मिळालं ते बोट विकणाऱ्या शिंदे महाराजांचं. इतिहास असाच गमतीदार असतो.

या काळातले फोटो ओळखायला एक खूण आहे. १९०७ च्या हेग कराराप्रमाणे रुग्णालय जहाज पांढरं रंगवून त्यावर आडवा पट्टा ओढायचा: सरकारी असेल तर हिरवा, खासगी मदतीचं असेल तर लाल. आता कृष्णधवल फोटोत हिरवा कोणता आणि लाल कोणता? दोन्ही करडेच दिसतात. पण पट्टा आहे की नाही, एवढं तरी कळतं. पट्टा दिसला तर युद्धकाळ, नाहीतर बहुतेक व्हँकुव्हर.

व्हँकुव्हरचे फोटो मात्र भरपूर. २८ एप्रिल १८९१ ला ही बोट पहिल्यांदा तिथे पोचली तेव्हा शहराला जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्या नव्या गावाला तिचं केवढं अप्रूप! पुढे मेजर मॅथ्यूज नावाच्या गृहस्थांनी जुने फोटो आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करत १९३३ मध्ये शहराचं अभिलेखागार उभं केलं. त्यामुळे धक्क्याला लागलेली, खाडीत उभी असलेली एम्प्रेस आज सोलापुरात बसून बघता येते.

आणि आपल्याकडे? १९६५ मध्ये सागरी दिनाचं टपाल तिकीट निघालं. त्यावर जहाज आहे, पण ते 'जलउषा', १९४८ मध्ये विशाखापट्टणमला तयार झालेलं. मानाचा दिवस लॉयल्टीचा, चित्र जलउषेचं. अर्थात त्यातही न्याय आहे. जलउषा इथे बांधलेली, लॉयल्टी अठ्ठावीस वर्षांची, दुसऱ्याने वापरून दिलेली. आणि 'पहिली'सुद्धा जपूनच म्हणावं. त्याआधी १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी कंपनी काढून बोटी चालवल्या होत्याच. लॉयल्टीचं वेगळेपण हे, की हिंदी मालकीची एवढी मोठी बोट थेट इंग्लंडला निघाली.

धंदा म्हणून तिने फार काही दिलं नाही. म्हाताऱ्या बोटीची भूक मोठी. १९२३ मध्ये मुंबईतच तिला मोडीत काढलं. त्याच वर्षी इंचकेप साहेबांच्या कंपन्यांशी करार होऊन सिंदियाला परदेशाचे मार्ग सोडून किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं थांबावं लागलं. असो, ती कथा वेगळी आणि मोठी आहे.

यंदा मी शाळेत पुन्हा गेलो. बाई तेव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण ते भित्तिपत्रक प्रयोगशाळेच्या पॅसेजमध्ये अजून टांगलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. मी नवा फोटो नेला होता, व्हँकुव्हरच्या धक्क्यावरचा, १८९१ नंतरचा. खाली लिहून दिलं: 'एम्प्रेस ऑफ इंडिया, हीच पुढे लॉयल्टी झाली'. शिपाईमामांनी जुना फोटो काढायला हात लावला तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, तोही असू दे, फक्त खाली 'धाकटी बहीण' असं लिहितो. ते बराच वेळ दोन्ही फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "सर, ह्यो ड्रॅगन लई भारी आहे."