आकाश टॅबलेट, मेमरी कार्ड आणि माझं गेलेलं वर्ष



एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी वरूडच्या एका संत्र्याच्या बागेत मातीच्या ओलाव्याच्या नोंदी घेत होते. सगळ्या नोंदी एका जुन्या टॅबमध्ये होत्या. टॅब फार स्लो झाला, म्हणून एका रात्री व्हिडिओ बघून त्यात कस्टम रॉम टाकायला घेतली. बॅकअप घेतलाच नाही. टॅब लोगोवर अडकला तो अडकलाच! आंबिया बहाराच्या तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, पयले कॉपी तं काढून ठेवाची ना!"

पुढे 'आकाश' टॅबलेटचा इतिहास वाचताना कळलं, की हेच काम न घाबरता करता येतं.

5 ऑक्टोबर 2011 ला विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त आकाश दिल्लीत जाहीर झाला. 256 एमबी रॅम, अँड्रॉइड 2.2. त्याच्या संथपणावर भरपूर टीका झाली. मग प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि 11 नोव्हेंबर 2012 ला आकाश-2 आला. यात 512 एमबी रॅम आणि अँड्रॉइड 4.0 होतं. पण विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांना पायथॉन, सायलॅब लागतं, आणि ते मुळात संगणकासाठी लिहिलेलं. म्हणून आयआयटी मुंबईच्याच 'फॉसी' गटाने आकाशवर चालणारं जीएनयू/लिनक्स तयार केलं.

खरी गंमत पुढे आहे. आकाश-2 मधली ऑलविनर ए13 चिप सुरू होताना आधी मेमरी कार्ड तपासते. तिथे प्रणाली सापडली नाही, तरच आतल्या मेमरीकडे वळते. त्यामुळे लिनक्स कार्डावर ठेवलं, की काम झालं. कार्ड काढा, अँड्रॉइड जसंच्या तसं. काही बिघडलंच तर कार्डावरचं बिघडणार!

अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. त्याच्या जीपीएल परवान्यानुसार तो गाभा वाटणाऱ्याला सोर्स कोडही द्यावा लागतो. अशा खुल्या कोडमुळेच बाहेरच्या माणसाला एखाद्या टॅबसाठी वेगळी प्रणाली बांधणं शक्य होतं.

आकाशची आठवण बहुतेक जण फसलेली योजना म्हणून काढतात. मला मात्र त्यातून संशोधनाची पहिली शिस्त मिळाली: मूळ वस्तूला हात लावायचा नाही, प्रयोग वेगळ्या जागी करायचा. कच्च्या डेटालाही हेच लागू. मूळ फाईल बाजूला ठेवा आणि विश्लेषण प्रतीवर करा.

आंबिया बहार वर्षातून एकदाच येतो. माझा प्रोजेक्ट त्या एका रात्रीमुळे वर्षभर पुढे गेला. तुमच्या डेटाची दुसरी प्रत कुठे आहे, ते आजच बघून घ्या.