विजयदुर्ग शोधायचा, पण कोणत्या अक्षरांनी?

१/१२
अठराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांच्या डिजिटल प्रतींत विजयदुर्ग हे नाव आजच्या स्पेलिंगने शोधून पाहा. हाती जवळजवळ काहीच लागत नाही. त्या पानांत किल्ला आहे, लढाई आहे, जळणारे आरमारही आहे. नाहीत ती फक्त आपण टाइप केलेली अक्षरे. दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द हुडकणे हा कोड्यांचा खेळ मानला जातो. देवगड तालुक्याचा इतिहास शोधणाऱ्यास मात्र त्यावाचून गत्यंतर नाही. 🧵

२/१२
पहिला अडसर नावाचाच. किल्ल्याजवळ गिर्ये हे गाव आहे. त्यावरून इंग्रज या किल्ल्यास ‘घेरिया’ म्हणत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते. रॉबर्ट ऑर्मचा १७६३ चा इतिहास असो किंवा वॉटसनसोबत आलेला शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याचा १७७३ चा प्रवासग्रंथ, दोहोंत नाव आहे ते घेरिया.

३/१२
सुवर्णदुर्गाचे तर ‘सेव्हर्नड्रूग’ झाले. कमोडोर विल्यम जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये तो जिंकला. १७८३ मध्ये त्याचे निधन झाल्यावर पत्नीने पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या शूटर्स हिल टेकडीवर स्मारक म्हणून एक मनोरा उभारला. तो आजही सेव्हर्नड्रूग कॅसल याच नावाने उभा आहे. हर्णैच्या समुद्रातील किल्ल्याचे नाव लंडनमध्ये आहे, पण मराठी माणसाने उच्चारावरून शोधल्यास ते सापडत नाही.

४/१२
असे का झाले? सुरुवातीचे इंग्रज कानाला जसे ऐकू आले तसे लिहीत. १७८८ मध्ये विल्यम जोन्सने लिप्यंतराची शिस्तबद्ध पद्धत मांडली. ‘उ’साठी यू आणि ‘इ’साठी आय. गिलख्रिस्टच्या पद्धतीत दीर्घ ‘ऊ’साठी दोन ओ आणि ‘ई’साठी दोन ई होते. पुढे १८७० च्या दशकात डब्ल्यू. डब्ल्यू. हंटरची पद्धत सरकारी दप्तरात रुजली. म्हणजे स्पेलिंग पाहून कागदाच्या काळाचाही ढोबळ अंदाज बांधता येतो.

५/१२
आता कृती. नावातील स्वर बाजूला ठेवा आणि व्यंजनांचा सांगाडा उरवा. विजयदुर्गासाठी व्ही, डी, आर, जी ही चार अक्षरे घ्या आणि त्यांच्या मधल्या जागांत तारांकन टाका. ज्या शोधयंत्रात ही सोय आहे, तिथे तारांकन म्हणजे ‘येथे कितीही अक्षरे असोत वा नसोत’. मग विजियाड्रूग, विजियाद्रुग, विजियादुर्ग ही सारी रूपे एकाच जाळ्यात येतात. प्रश्नचिन्ह मात्र सहसा एकाच अक्षराची जागा धरते.

६/१२
‘ज’ची जागा वरचेवर झेड घेतो, म्हणूनच तो सांगाड्यात धरला नाही. ‘व’साठी व्ही किंवा डब्ल्यू, ‘ड’साठी डी, आर किंवा आर-एच येते. त्यामुळे ‘गड’चे ‘गढ’ होते. ‘ग’ला उगीचच एच चिकटतो, रत्नागिरीचे ‘रटनाघेरी’ त्यातूनच झाले. सावध राहा: त्यातली ‘घेरी’ म्हणजे गिरी. घेरियाशी तिचे अक्षरसाम्य आहे, पण ती गिर्ये गावावरून आलेली नाही.

७/१२
जाळे सैल झाले की नको ते मासेही येतात. घेरियासाठी जी, तारांकन, आर, आय, ए, तारांकन असे टाकले, तर ‘ग्लोरिया’ येते आणि ‘ग्रेगोरियन’ दिनदर्शिकाही येते. म्हणून जोडीला दुसरा शब्द द्यावा: आंग्रिया. इंग्रज आंग्र्यांना तसे लिहीत. ही दोन नावे एकाच पानावर आली, तर आपण योग्य किनाऱ्याला लागलो आहोत असे समजावे.

८/१२
सर्वांत फसवा शब्द ‘ग्रॅब’. जी, आर, ए, बी. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ हिसकावणे. आंग्र्यांच्या काळात मात्र ते एका युद्धनौकेचे नाव होते: आपली गुराब. मूळ अरबी ‘घुराब’, म्हणजे कावळा. दोन्ही शब्दांची अक्षरे तीच, कुळे वेगळी. संगणकाला हा भेद कळत नाही. तो वाचणाऱ्यालाच करावा लागतो.

९/१२
ग्रॅबसोबत ‘गॅलिव्हॅट’ शोधा, घोळ मिटतो. हे आपल्या गलबताचेच भावंड. पोर्तुगीज गलेओटाशीही त्याचे नाते जोडले जाते. ऑर्मच्या वर्णनानुसार तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे. गॅलिव्हॅट सहसा ७० टनांच्या आत आणि ४० ते ५० वल्ह्यांवर चाले. वारा पडला की हीच गॅलिव्हॅट गुराबांना ओढून शत्रूवर नेत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात दोन्ही शब्दांना स्वतंत्र नोंदी आहेत.

१०/१२
आणखी एक सापळा छपाईचा. त्या काळी इंग्रजीत शब्दाच्या आरंभी व मध्ये लांबट ‘एस’ छापत. तो बराचसा ‘एफ’सारखा दिसतो. संगणक जुने पान वाचताना त्याला अनेकदा एफ समजतो. जहाजासाठीचा ‘व्हेसल’ हा शब्द मग ‘व्हेफल’ होऊन बसतो. एस असलेला शब्द सापडला नाही, तर तिथे एफ टाकून पाहावे.

११/१२
खुद्द देवगडचे काय? देवगढ नावाची गावे ओडिशात आहेत, राजस्थानात आहेत. झारखंडातील देवघरही त्याच अक्षरांत मिसळते. म्हणून सोबत ‘रत्नागिरी’ द्यावे, ‘सिंधुदुर्ग’ नव्हे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी देवगड रत्नागिरीत होते. १८८० च्या गॅझेटियरमध्येही ते ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ या खंडात पाहावे लागते.

१२/१२
हा केवळ स्पेलिंगचा प्रश्न नाही. ‘मराठा आरमार’ असे शोधले, तर बहुधा नंतरच्या लेखकांचे लेखन मिळते. १७५६ चे कागद हवे असतील, तर ‘आंग्रिया’सोबत ‘पायरेट’ हा शब्दही टाकावा लागतो. आपल्या आरमाराला चाचा म्हणणाऱ्यांच्याच दप्तरात त्याच्या जहाजांची मापे, वल्ह्यांची संख्या आणि डावपेच नोंदले आहेत. त्यांचा शब्द स्वीकारू नका. पण तो शोधपेटीत टाकायला संकोचू नका. तुमच्या गावाचे नाव जुन्या इंग्रजी कागदांत कोणत्या अक्षरांत दडले आहे? सांगाडा करून पाहा आणि सापडलेले रूप खाली लिहा.